दोष देणं फुकट असतं

मुलाला कावीळ झाली की आपण त्याला दवाखान्यात नेतो. त्याच मुलाला उन्मादाचा झटका आला की आपण त्याच्या आईकडे बोट दाखवतो. आजार दोन्ही, पण पहिल्याला औषध मिळतं आणि दुसऱ्याचा पंचनामा होतो.

माझ्या मुलीला बायपोलर डिसऑर्डर आहे. निदान झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्याआधी तिच्याबद्दल मला जी विशेषणं ऐकवली गेली ती इथे मुद्दाम नोंदवते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कुठल्या ना कुठल्या मुलाला लावलेली असणार: आगाऊ, उर्मट, नाटकी, लाडावलेली, हाताबाहेर गेलेली, चालू. शेवटचं विशेषण एका शिक्षिकेचं. मी स्वतः शिक्षिका आहे. स्टाफरूममध्ये मुलांची अब्रू किती स्वस्त असते, हे मला कुणी सांगायला नको.

या विशेषणांमागे एक सोय असते. पोरगी बिघडलीय म्हटलं की बोलणाऱ्याचं काम संपतं. ती आजारी आहे म्हटलं की रजा काढावी लागते, तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, ठेव मोडावी लागते, सासर-माहेरच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं आणि वर्षानुवर्षं गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. दोष देणं फुकट असतं. म्हणून आपण दोष देतो.

लोकांना माहिती नाही, जनजागृती हवी, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ साली, आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजारापासून हा आजार वेगळा काढून मांडला. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने १९४९ साली लिथियमचा उन्मादावर होणारा परिणाम जगापुढे ठेवला. ते लिथियम आज भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे. ज्या घरात मोबाईलवर शेअर बाजार बघतात, त्या घराला आजाराची लक्षणं शोधता येत नाहीत यावर माझा विश्वास नाही. शोधायची नसतात, कारण सापडली तर पुढचं सगळं करावं लागतं.

या आजारात मनाची अवस्था दोन टोकांना जाते. एका टोकाला उन्माद: अतिउत्साह किंवा कमालीची चिडचिड, अंगात न मावणारी शक्ती, झोपेची गरजच न वाटणं, न थांबणारं बोलणं, विचारांची धावपळ, आपण कुणीतरी असामान्य आहोत ही खात्री, परिणामांची पर्वा न करता केलेली धाडसं. दुसऱ्या टोकाला नैराश्य. काही वेळा दोन्ही एकत्र येतात, आणि तो काळ सगळ्यात धोक्याचा. उन्मादाचं निदान करायला ही अवस्था साधारणपणे आठवडाभर तरी टिकलेली असावी लागते, सौम्य उन्मादासाठी सलग चार दिवस, नैराश्यासाठी दोन आठवडे. तासाभरात रुसून तासाभरात हसणारं मूल बायपोलर नसतं. हा आजार टप्प्याटप्प्याने येतो आणि मधल्या काळात मूल पुष्कळदा आपल्या मूळ स्वभावावर परत आलेलं असतं. म्हणूनच तो ओळखता येतो. आपलं मूल आधी कसं होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बदल दिसतोच.

माझी मुलगी नववीत होती. पावसाळा संपत आला होता. ती रात्री दोन-तीन तास झोपायची आणि पहाटे टवटवीत उठायची. घर झोपलेलं असताना फडताळातले सगळे डबे खाली उतरवून पुन्हा लावायची. जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला विमान चालवायला शिकवणारी शाळा ती काढणार होती. त्याचे आराखडे वह्यांवर वह्या भरून वाहत होते, जिल्हाधिकाऱ्यांना पत्रं लिहिली जात होती. बोलताना एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. अडवलं की अंगावर धावून यायची. पाहुणे म्हणाले, ‘काय हुशार पोर आहे!’ शाळेने वहीत शेरा लिहिला: वर्गात उद्धट वर्तन. दिवाळीनंतर तीच मुलगी पांघरुणातून बाहेर येईना. आंघोळ नको, मैत्रिणी नकोत, पोटात दुखतं, डोकं दुखतं, शाळेत जायचं नाही. आता पाहुणे म्हणाले, ‘आळशी झालीय, मोबाईल काढून घ्या.’ दोन टोकांच्या दोन अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि दोन्ही वेळा स्वभावाचा निवाडा केला.

प्रत्येक आईबापाला आणि प्रत्येक वर्गशिक्षकाला मी एक गोष्ट निक्षून सांगते: झोप बघा. अतिचंचलतेचा विकार, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलालाही झोप लागायला त्रास होतो, पण झोप झाली नाही तर ते थकतं, पेंगतं. उन्मादातलं मूल तीन तास झोपून दिवसभर पळतं आणि थकत नाही. एडीएचडीची लक्षणं लहानपणापासून, बारा वर्षांच्या आत दिसू लागतात आणि सतत राहतात. बायपोलरची लक्षणं येतात, जातात, पुन्हा येतात. हा फरक बघायला यंत्र लागत नाही. घरात जागं असणारं एक माणूस आणि एक वही लागते: झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, दिवसाची मनःस्थिती, शक्ती, पाळीची तारीख, काही विशेष घडलं असेल तर ते. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर ती कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त बोलते, कारण हा आजार दाखवणारी रक्ताची किंवा मेंदूची तपासणी अजून उपलब्धच नाही. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखी दुसरी कारणं वगळण्यासाठी. फिट्स येत नाहीत ना, कुठली नशा नाही ना, मुलावर कुणी अत्याचार करत नाही ना, हेही तितकंच काटेकोरपणे तपासावं लागतं.

जे आता प्रत्येक तापट मुलाला बायपोलर ठरवायला निघाले आहेत, त्यांनाही मी सोडणार नाही. अमेरिकेने ही चूक करून पाहिली. तिथे १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुला-तरुणांच्या बायपोलर निदानाच्या दवाखाना-भेटी सुमारे चाळीस पटींनी वाढल्या. सतत चिडणाऱ्या, आदळआपट करणाऱ्या लहान मुलांवर हा शिक्का बसला आणि त्यांना जड औषधं दिली गेली. अखेर २०१३ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला, सतत चिडचिड आणि संतापाचे उद्रेक असणाऱ्या मुलांसाठी आपल्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र निदान आणावं लागलं. सहा वर्षांचं पोर जमिनीवर लोळण घेतं म्हणून त्याला बायपोलर म्हणणारा आणि पंधरा वर्षांची पोर आठवडाभर झोपली नाही तरी ‘वय आहे’ म्हणणारा, दोघेही मुलाकडे न बघता बोलतात. हा आजार बहुतेकदा किशोरवयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर उघड होतो. लहान वयात तो विरळा. निदान मुलांच्या मनोविकारांचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच, वेळ काढून, घरच्यांशी आणि शाळेशी बोलून करायचं असतं.

आता घरच्यांकडे येते. बायपोलर हा सर्वांत जास्त आनुवंशिक असणाऱ्या मनोविकारांपैकी एक आहे. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक, सर्वसाधारण लोकांत ती शंभरात एक-दोन. म्हणून डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात: घराण्यात कुणाला मानसिक आजार? आणि आपली माणसं छातीठोकपणे सांगतात: ‘नाही हो, आमच्यात कुणालाच नाही.’ घर सोडून निघून गेलेले काका, सहा महिने खोलीत कोंडून घेतलेली आत्या, एका रात्रीत जमीन विकून आलेले आजोबा, कुणीही आठवत नाही. सोयरीक मोडेल म्हणून तोंडाला कुलूप. आमच्या घरातही एक चुलत आजोबा असेच फाइलीतून गाळले गेले होते. त्यांची हकीकत ठाऊक असलेली तीन मोठी माणसं डॉक्टरांच्या केबिनमध्ये माझ्या शेजारी बसली होती आणि तिघंही गप्प राहिली. मुलीच्या तब्येतीपेक्षा कुळाची पाटी महत्त्वाची वाटणाऱ्यांना मी वडीलधारं मानत नाही.

पुढची पायरी देवऋषाची. ‘बाहेरचं काहीतरी आहे’, ‘नजर लागलीय’, ‘अमावास्येला नेऊन आणा’. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात गुन्हे आहेत. तरीही पदवीधर माणसं पोरांना गाडीत घालून तिथे नेतात, आणि उन्मादाचा टप्पा आपोआप ओसरला की गुण आला म्हणून पेढे वाटतात. टप्पा ओसरणं हा आजाराचाच भाग असतो. पुढचा येतो तेव्हा महिने वाया गेलेले असतात.

मुलींच्या बाबतीत तर निर्दयपणाला सीमाच नाही. उन्मादात लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटू शकतो. वयाला न शोभणारं बोलणं, अनोळखी मुलांना रात्री-अपरात्री पाठवलेले मेसेज, हे त्या आजाराचं लक्षण असू शकतं. ते अत्याचाराचीही खूण असू शकतं, म्हणून आधी हळुवारपणे तेच विचारायला हवं. आपण यातलं काहीही विचारत नाही. फोन हिसकावतो, मारतो, शाळा बंद करतो आणि स्थळं बघायला लागतो. ‘लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल’ हा सल्ला मला माझी मुलगी अल्पवयीन असताना शिकल्यासवरल्या बायकांनी दिला. बालविवाहाला बंदी करणारा २००६ चा कायदा बाजूला ठेवा. बाळंतपणानंतरचा काळ बायपोलर असलेल्या स्त्रीसाठी आजार उलटण्याचा सर्वांत मोठ्या जोखमीचा काळ असतो. आजारी मुलगी दुसऱ्याच्या घरात ढकलून तिच्या पोटी मूल यायची वाट बघणं हा सल्ला नव्हे, गुन्हा आहे.

डॉक्टरांनाही माझं सांगणं आहे. माझ्या मुलीला पहिल्यांदा ज्यांनी तपासलं, त्यांनी तिच्या नैराश्यातल्या अवस्थेवरून, आधीच्या पावसाळ्याबद्दल एकही प्रश्न न विचारता, फक्त नैराश्यविरोधी गोळी लिहून दिली. बायपोलर असलेल्या रुग्णाला मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना अशी गोळी दिली तर उन्माद उफाळू शकतो, हे मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. आमच्या घरी तेच झालं. त्यानंतरच्या रात्रींचं वर्णन मी करणार नाही. ‘याआधी कधी असं झालं का, की झोप नसतानाही तिला थकवा नव्हता?’ एवढा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. दाराबाहेर कितीही गर्दी असली तरी अर्धं मिनिट असतंच.

आणि मुलींचे आईबाप हो, चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट दिसलं तर प्रश्न विचारा. गरोदरपणात या औषधाने बाळात गंभीर जन्मदोष होऊ शकतात. पाळीच्या आणि बीजकोशाच्या तक्रारीही होतात. ब्रिटनने २०१८ मध्ये मुली आणि तरुण स्त्रियांना ते देण्यावर कडक अटी घातल्या. पर्याय आहेत का, असं विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. मात्र कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल. बालकांच्या मोफत शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. त्याच कायद्याने मुलाला शाळेतून काढता येत नाही, पण हे संरक्षण आठवीपर्यंतचं. बायपोलर बहुधा उघड होतो तो त्याच्या पुढे, नववी-दहावीत. त्याच वेळी शाळेला आपला शंभर टक्के निकाल आठवतो. पालकांना बोलावून गोड आवाजात सांगतात: ‘दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा देईल.’ मला हे माझ्याच व्यवसायातल्या माणसांनी सांगितलं. ज्या मुलीला त्या वर्षी सर्वांत जास्त आधार हवा, तिला पटावरून उतरवून मिळवलेल्या निकालाचा फलक ज्यांनी रस्त्यावर लावला, त्यांनी शिक्षण या शब्दाशी संबंध सांगू नये.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या यादीत मानसिक आजार स्पष्टपणे आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं ही शाळेची मेहरबानी उरलेली नाही. आणि सोय म्हणजे काय मागतो आम्ही? रात्रीच्या औषधाने सकाळी गुंगी राहते, तर पहिल्या तासाला उशीर चालवून घ्या. लिथियम घेणाऱ्या मुलाला सारखी तहान आणि लघवी लागते, तर बाकावर पाण्याची बाटली राहू द्या आणि वर्गातून बाहेर जायला हात वर करून गयावया करायला लावू नका. हात थरथरतात, तर अक्षरावरून चारचौघांत बोलू नका. राग अनावर झाला तर जिथे जाऊन बसता येईल अशी एक जागा आणि जिच्याशी बोलता येईल अशी एक बाई ठरवून द्या. झोप, बडबड, मोठमोठ्या थापा, एकाएकी गप्प होणं, यांतलं काही दिसलं तर वहीत शेरा मारण्याऐवजी घरी फोन करा. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. तरी ती होत नाही, कारण एकाला सवलत दिली की सगळे मागतील ही भीती. चष्मा लावणाऱ्या पोराला पाहून बाकीचे चष्मा मागत नाहीत.

सरकारचं वागणंही घरच्यांसारखंच आहे: मोजायचंच नाही, म्हणजे उपचाराचा प्रश्न नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झालं. त्यात बायपोलर असलेल्या प्रौढांपैकी सुमारे सत्तर टक्के उपचाराविना आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक माझ्या शाळेत येतं, दात बघतं, डोळे बघतं, रक्तक्षय बघतं. अतिचंचलता आणि अध्ययन-अक्षमता त्यांच्या यादीत आहेत, बायपोलर नाही. मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागे एकही पुरता नाही आणि मुलांवर उपचार करणारे त्याहून कितीतरी कमी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा-संरक्षण द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने त्याच्यासोबत राहावं, असंही लिहिलेलं आहे. माझ्या मुलीच्या दाखल होण्याचा दावा आमच्या विमा कंपनीने पहिल्यांदा नाकारला, तो कायद्याचं कलम पत्रात उतरवून दिल्यावर मान्य झाला. ज्यांना पत्र लिहिता येत नाही त्यांचे दावे नाकारलेलेच राहतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात सर्वांत जास्त विद्यार्थी आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या आहेत: १,७६४. या प्रत्येक मुलाला मानसिक आजार होता असा दावा मी करत नाही. मात्र उपचाराविना राहिलेल्या बायपोलरमध्ये हा धोका फार मोठा असतो हे निर्विवाद आहे. म्हणून आईबापांनी मुलाला सरळ शब्दांत विचारलं पाहिजे: ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने ते डोक्यात भरतं, हा समज खोटा आहे. विचारल्याने मुलाला बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं त्याआधीच कुलपात गेलेली हवीत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, अहोरात्र आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यावर आधार द्यायचा म्हणजे काय, यावरही गोड-गोड बोलणं पुष्कळ होतं. प्रेम द्या, समजून घ्या. प्रेम मी जन्मापासून देत होते, त्याने उन्माद थांबला नाही. आधार ही शिस्तीची कामं आहेत. झोपायची आणि उठायची वेळ रविवारीसुद्धा बदलायची नाही, कारण एका रात्रीचं जागरणही उन्मादाला आमंत्रण ठरू शकतं. ढोल-ताशा पथकाचा रात्रीचा सराव नाही, मध्यरात्रीपर्यंतचा गरबा नाही, बारावीसाठी रात्र-रात्र अभ्यास तर मुळीच नाही. क्लासवाले रागावले तर रागावू देत. लिथियम असेल तर रक्तातली त्याची पातळी ठरल्या वेळी तपासायची, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडही. शरीरातलं पाणी कमी झालं की हे औषध रक्तात वाढून विषारी ठरू शकतं. म्हणून निर्जळी उपवास बंद, उन्हाळ्यात पाणी आणि नेहमीइतकं मीठ चालू, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणायची नाही. हात फार थरथरले, चालताना तोल गेला, जीभ जड झाली तर सकाळची वाट बघायची नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी मुलीला निर्जळी एकादशी करायला लावली, ‘देवाच्या नावाने काही होत नाही’ म्हणून. त्यानंतर आमच्या घरात उपवास कुणी करायचा हे मी ठरवते.

आणखी एक काम आहे, आणि ते सर्वांत अवघड. जिभेला लगाम. अमेरिकेतल्या डेव्हिड मिक्लोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने बायपोलरसाठी कुटुंबालाच सोबत घेऊन करायची उपचारपद्धती विकसित केली: आजार समजावणं, बोलण्याची रीत बदलणं, अडचणी मिळून सोडवणं. त्याचा आधार साधा आहे. ज्या घरात रुग्णावर सतत टीका, टोमणे, राग चालतो, तिथे आजार लवकर उलटतो. म्हणजे ‘तुझ्यामुळे आमचं वाटोळं झालं’ हे वाक्य नुसतं कठोर नाही, ते आजाराला खाद्य देतं. आमच्या घरी टोमणे मारणाऱ्यांना मी दार दाखवलं. नाती तुटली. तुटू देत. धाकट्या भावंडालाही बसवून सांगितलं की ताईला काय झालंय, त्यात त्याचा दोष नाही आणि तिचाही नाही. भावंडांना अंधारात ठेवणारी घरं दुसरं मूलही दुखावतात.

गोळ्या कधी बंद होणार, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या नजरेत संशय असतो. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी बंद करणं हे आजार परत येण्याचं सर्वांत ठरलेलं कारण. बरं वाटतं ते गोळीमुळे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांना हाच आजार आहे आणि तो त्या शाळेत असतानाच सुरू झाला. पुढे त्या याच आजाराच्या जगातल्या अग्रगण्य अभ्यासकांपैकी एक झाल्या आणि लिथियम घेत राहिल्या. माझ्या मुलीने त्यांच्याएवढं कर्तृत्व दाखवावं अशी माझी अट नाही. तिने नियमित झोपावं, शिकावं, भांडावं, पोट भरण्याचं काम करावं, एवढं आयुष्य तिला मिळालंच पाहिजे, आणि ते मिळू शकतं.

ती आज कॉलेजात आहे. तिला हे मिळालं कारण तिच्या आईला पगार आहे, रजा आहे, कायद्याची कलमं वाचता येतात आणि भांडायची तयारी आहे. हे माझं कौतुक नाही. हा व्यवस्थेवरचा आरोप आहे. ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून आजीजवळ ठेवलेल्या पोराचा उन्माद कोण ओळखणार? आश्रमशाळेच्या वसतिगृहात तीन रात्री न झोपलेल्या मुलीची वही कोण भरणार? तिला अंगात आलंय म्हणून घरी पाठवतील आणि पटावर ‘गळती’ लिहितील.

म्हणून माझ्या मागण्या मोघम नाहीत. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून ठरलेल्या दिवशी मुलांच्या मनोविकारांचा डॉक्टर येऊन बसला पाहिजे. शाळा-तपासणीच्या यादीत बायपोलर घातला पाहिजे. लिथियम आणि त्याची रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळाली पाहिजे. आजारी मुलाला आठवीनंतर दाखला देऊन काढणाऱ्या शाळेला जाब विचारला पाहिजे. वसतिगृहाच्या प्रत्येक अधीक्षकाला झोपेची नोंद ठेवायला शिकवलं पाहिजे. याला पैसे लागतात, हे मला माहीत आहे. आजवर हा सगळा खर्च आजारी पोरांनी आपल्या आयुष्यातून भरला. आता तो अंदाजपत्रकातून भरा.